शनिवारचा बाक

१२ जून

नमस्कार ताई,

आमच्या कार्यालयाच्या नोटिसा 'घेण्यास नकार' असा शेरा घेऊन परत आल्या. म्हणून हे साधं पत्र. पाकिटावर मुद्दामच शिक्का मारलेला नाही.

मी बाल न्यायालयात परिवीक्षा अधिकारी आहे. नाव भारदस्त आहे, काम साधं. गुन्ह्यात सापडलेल्या मुलाच्या घरची, शाळेची माहिती काढायची, न्यायाधीशांना अहवाल द्यायचा, आणि मुलाला घरी सोडलं तर तो नीट राहतोय का ते पाहायचं. तुमचा मुलगा वर्षभर माझ्या देखरेखीखाली होता. तुम्ही दुसरं लग्न करून त्या गावी गेलात आणि तो इथे मामाकडे राहिला, तेव्हापासून.

तो पुन्हा सापडला आहे. मामांनी तुम्हाला कळवलं असेलच, पण त्यांनी कसं कळवलं असेल याची मला धास्ती वाटते, म्हणून मीच लिहिते. गेल्या महिन्यात भर दुपारी तो आणि आणखी दोन मुलं एका औषधाच्या दुकानात शिरली. शटर अर्ध्यावर होतं. मालक जेवायला गेला होता आणि त्याचे म्हातारे वडील आत खुर्चीत डुलकी घेत होते. ते जागे झाले, आरडाओरडा केला. तुमच्या मुलाने त्यांना ढकललं. ते पायरीवर पडले आणि त्यांच्या खुब्याचं हाड मोडलं. बाकीचे दोघे पळाले. तो पळाला नाही. म्हाताऱ्यांना उचलायला गेला आणि तिथेच धरला गेला. गल्लीने त्याला मारलं. आता बरा आहे, मुलांच्या निरीक्षणगृहात ठेवलंय.

आधी सायकल, मग मोबाईल, मग स्कूटर, आणि आता हे. कोर्टाच्या दारातला हवालदार त्याला 'पाहुणा' म्हणतो. गाडीतून उतरला की ओरडतो, "पाहुणे आले रे, चहा टाका!" सगळे हसतात. तुमचा मुलगाही हसतो. मला ते बघवत नाही.

तो सतरा वर्षांचा आहे. एवढ्या वयाच्या मुलाचा गंभीर गुन्हा आमचे न्यायाधीशसाहेब स्वतः चालवू शकतात किंवा मोठ्यांच्या कोर्टात पाठवू शकतात. तिथे गेला तर एकविसाव्या वर्षापर्यंत सुधारगृह आणि मग तुरुंग. साहेब वाईट नाहीत. ते म्हणाले, "घरचं कुणी उभं राहिलं, तर मी याला इथेच ठेवायचा विचार करीन. नाहीतर माझ्या हातात काय आहे?" तारीख २४ जुलै आहे. मामांनी हात वर केले आहेत. म्हणतात, माझीच पोरं बिघडतील.

राहता राहिलात तुम्ही. एकदा या. माझा अहवाल चांगला असेल, याची खात्री देते. वर्षभर तो एकही शनिवार न चुकवता माझ्याकडे हजेरीला येत होता. मुलगा वाईट नाही, संगत वाईट मिळाली.

आपली,
परिवीक्षा अधिकारी


२५ जून

नमस्कार ताई,

तुमचा फोन आला तेव्हा मी इतकी गडबडले की धड बोलूच शकले नाही. नंतर रस्त्याने चालताना सगळी उत्तरं सुचली. माझं नेहमीच असं होतं.

आता घरी पत्र पाठवणार नाही. तुम्ही सांगितलंत तसं हॉस्पिटलच्या लॉन्ड्रीच्या पत्त्यावर पाठवते आहे. तुमच्या सासूबाईंना 'मुलगा वसतिगृहात आहे' असं सांगितलंय, हेही लक्षात ठेवीन. तसं पाहिलं तर ते पूर्ण खोटंही नाही.

तुम्ही विचारलंत, "तुमचं लग्न झालंय का?" मी नाही म्हणाले. तुम्ही म्हणालात, "मग लिहा तुम्ही पत्रं." आणि फोन ठेवलात. मला राग आला होता, खोटं कशाला बोलू. घरी येऊन आईला सांगितलं, तर ती शिलाई मशीनवरून मान वर न करता म्हणाली, "बरोबरच बोलली ती. तुझ्या पोटात तुटतं ते पुस्तकातलं."

आमच्या घरात माझ्या आधी कुणी कॉलेजची पायरी चढलं नव्हतं. बाबा मालाचा टेम्पो चालवतात. नोकरी लागली तेव्हा त्यांनी सगळ्या आळीत सांगितलं, "आमच्या घराण्यात कोर्टात जाऊन रोज संध्याकाळी हसत परत येणारी ही पहिलीच." शेजारच्या काकू अजून मला न्यायाधीश समजतात आणि भाडेकरूला काढायचा हुकूम मागतात. अशा घरातून आल्यामुळे मला वाटतं की माणसाला एक दार उघडं मिळालं की तो आत येतोच. तुम्ही म्हणाल, दार उघडंच तर होतं त्या दुकानाचं.

मी त्या म्हाताऱ्या गृहस्थांना भेटून आले. अहवालासाठी भेटलंच पाहिजे असा नियम नाही, पण न भेटता लिहिणं बरं वाटेना. त्यांच्या पायाला वजन बांधलं होतं. मी कोण ते सांगितल्यावर सुनेने तोंड फिरवलं. ते मात्र बोलले.

"किती वर्षांचा आहे म्हणालीस?"

"सतरा, आजोबा."

"सतराव्या वर्षी मी दुकान उघडत होतो, बंद करत होतो, बापाचं औषधपाणी बघत होतो. तेव्हा मला कुणी लहान म्हणालं नाही."

मी हातातली वही मिटली.

"त्याच्यासाठी तू अहवाल लिहितेस. शाळा कुठली, आई कुठे, जेवला का. माझा अहवाल कोण लिहितं?"

मी म्हणाले, "कुणीच नाही."

"मग निदान त्याचा नीट लिही," म्हणाले. "खोटं लिहून सोडवू नकोस. सुटून आला आणि आणखी कुणाला ढकललं तर ते तुझ्यावर."

जाताना त्यांनी हळूच विचारलं, "उचलायला का थांबला गं तो?" तुम्हाला माहीत असेल, तर लिहा.

तुमचा दिवसाचा पगार बुडेल, हे मी ओळखून आहे. तरी या.

आपली,
परिवीक्षा अधिकारी


७ जुलै

ताई,

हे पत्र कार्यालयात बसून लिहीत नाही. तिथे तो बाक समोर असतो.

पहिल्या पत्रात मी लिहिलं होतं, संगत वाईट मिळाली. संगत कुठे मिळाली, ते मला काल कळलं.

आधी तुम्हाला आमची पद्धत सांगायला हवी. मी येण्यापूर्वी देखरेखीखालच्या मुलांना आपापल्या भागातल्या पोलीस चौकीत हजेरी द्यावी लागे. तिथे काय व्हायचं ते तुम्ही पाहिलं असेल. आसपास कुठे चोरी झाली की हजेरीला आलेल्या मुलालाच बसवून ठेवायचे. मी रुजू झाल्यावर पहिलं भांडण यावरच केलं. साहेबांना सांगितलं, मुलं चौकीत नको, आमच्याकडे येऊ देत. आणि शनिवारी सकाळी, म्हणजे शाळा बुडणार नाही, काम बुडणार नाही. साहेबांना कल्पना फार आवडली. वरच्या बैठकीत त्यांनी तिचं कौतुक केलं. बाकीच्या शहरांतून आम्हाला विचारणा झाली.

शहराच्या चारी टोकांची मुलं शनिवारी माझ्या खोलीबाहेरच्या लांब बाकावर बसू लागली. नुसतं बसून कंटाळतील म्हणून मी माझ्या पगारातून बुद्धिबळाचा पट आणला. किती खूश झाले होते! दोघं खेळायचे आणि तिसरा दोघांनाही शिकवायचा. तो तिसरा तुमचा मुलगा. मी दारातून बघायची आणि मला वाटायचं, हेच ते. यासाठीच मी शिकले.

काल निरीक्षणगृहात त्याला भेटले. विचारलं, "ते दोघे तुला भेटले कुठे? एक राहतो स्टेशनपलीकडे, दुसरा त्याहून लांब. तुमची शाळा एक नाही, गल्ली एक नाही."

तो माझ्याकडे बघतच राहिला.

"मॅडम, तुम्हाला खरंच माहीत नाही?"

"नाही."

"तुमच्या बाकावर की." मग माझा चेहरा बघून त्यालाच वाईट वाटलं. "तुमची चूक नाही हो मॅडम. बुद्धिबळ चांगलं होतं."

ताई, त्याला आधी फक्त सायकल-स्कूटरचं कुलूप उघडता येत होतं. एकाला शटरचं येत होतं. तिसऱ्याला कुठलं दुकान कधी रिकामं असतं ते माहीत होतं. तिघे तीन टोकांना राहणारे, जन्मात एकमेकांना भेटले नसते. त्यांची गाठ मी घालून दिली, हजेरी घेऊन, चहा देऊन. माझ्या हजेरीला तो एकही शनिवार चुकला नाही, असं मी मोठ्या अभिमानाने तुम्हाला लिहिलं होतं. कसा चुकेल?

हे तुम्हाला सांगायची गरज नव्हती. पण 'तुम्ही या' असं सांगणाऱ्या बाईने काय केलंय, ते तुम्हाला माहीत असायला हवं.


१६ जुलै

ताई,

तुमचं उत्तर नाही. लॉन्ड्रीत पत्र पोचतंय एवढं समजलं. तुमच्या मुकादमांनी फोनवर सांगितलं, "वाचते आणि एप्रनच्या खिशात ठेवते. बोलत काही नाही."

अहवाल द्यायचा दिवस जवळ आला आहे. बाकाचं त्यात लिहायचं की नाही, या विचाराने जेवण जात नाही. आमचे वरिष्ठ पुढच्या वर्षी निवृत्त होतील. त्यांना विचारलं. त्यांनी चष्मा पुसला आणि म्हणाले,

"'कुसंगत' एवढं लिही आणि मोकळी हो."

"पण कुठली कुसंगत, सर?"

"तुला कुणी विचारलंय? पोरी, ऐक. बाकाचं लिहिलंस तर साहेबांचं नाक कापलं जाईल. ज्याचं नाक कापलं जातं तो मलमपट्टी करत बसत नाही, तो बाकच फेकून देतो. मग पोरं जातील कुठे? सरळ आत."

"आणि लिहिलं नाही तर? उद्या आणखी तिघे पटावर बसतील."

"पट उचलून ठेव. आठवड्यातल्या तीन वेगळ्या दिवशी बोलाव पोरं. गुपचूप. सुधारणा कर, जाहिरात करू नकोस."

मी म्हणाले, "मग या मुलाचं काय? त्याच्यावर सगळं येतंय. कोर्टाने केलेलंसुद्धा."

त्यांनी चष्मा परत डोळ्यांवर चढवला. मग म्हणाले, "माझी सगळी नोकरी मी हेच बघितलं. पहिल्यांदा माफी, दुसऱ्यांदा समज, तिसऱ्यांदा आईची सही, चौथ्यांदा तुरुंग. या पायऱ्यांच्या मध्ये काहीच नसतं. मुलगा पायरीवरून पायरीवर पडत जातो आणि आपण म्हणतो, किती वेळा संधी दिली!"

एवढं सगळं कळणारा माणूस 'कुसंगत लिही' कसं म्हणू शकतो, हे मला कळत नाही. का, सगळं कळल्यावर तेवढंच म्हणता येतं?

घरी बाबांना सांगितलं. ते म्हणाले, "गाडी ठोकली की आधी खाली उतरून बघायचं. पळायचं नाही." आई म्हणाली, "आणि मार खायचा." बाबा म्हणाले, "तोही खायचा." मग दोघं त्यावरूनच भांडत बसले आणि माझा प्रश्न बाजूला राहिला.

मी लिहिणार आहे. मला वाटतं, साहेबांना कळलं की या चौथ्या गुन्ह्यात कोर्टाचाही हात आहे, तर ते त्याला मोठ्यांकडे ढकलणार नाहीत. त्यांना लाज वाटेल. सज्जन माणसाला लाज वाटली की तो जास्त सज्जन होतो, असा माझा समज आहे.

२४ तारीख, सकाळी अकरा. याल ना?


२७ जुलै

ताई,

तुम्ही आलात. सकाळच्या गाडीने येऊन, जिन्याखाली चप्पल झटकून, मागच्या रांगेत बसलात. मी तुम्हाला ओळखलं ते हातांवरून. साबणाने उललेले हात मांडीवर उलटे ठेवले होते. तुमच्याशी बोलायला येणार तेवढ्यात पुकारा झाला.

तुम्ही निकालाआधी निघून गेलात. दुपारची पाळी गाठायची असेल. त्यामुळे नंतरचं मला सांगावं लागतंय.

माझा अहवाल तुमच्यासमोरच वाचला गेला. साहेबांनी वर बघून विचारलं, "म्हणजे या न्यायालयाच्या बाकावर टोळी तयार झाली, असं तुमचं म्हणणं आहे?" मी हो म्हणाले. मग त्यांनी तुम्हाला पुढे बोलावलं आणि दर वेळी विचारतात तेच विचारलं. न्याल का, आणि लक्ष ठेवाल ना?

तुम्ही जे बोललात, ते मी त्या दिवशी घरी जाऊन लिहून ठेवलं. तुम्ही म्हणालात, "साहेब, तीन वेळा तुम्ही हे विचारलंत, आणि तीन वेळा मी हो म्हणाले. मी दहा तास मशीनसमोर उभी असते. मी कुठलं लक्ष ठेवणार? तेव्हाही ठेवू शकत नव्हते, तुम्हालाही माहीत होतं आणि मलाही. आता घरी नवऱ्याच्या दोन लहान मुली आहेत. मी याला नेऊ शकत नाही. या वेळी खोटं बोलणार नाही."

साहेब म्हणाले, "बसा." तुम्ही बसला नाहीत, दाराकडे गेलात.

मग त्यांनी मुलाला विचारलं, "सोडलं तर पुन्हा करशील?" आमच्याकडे या प्रश्नाचं उत्तर ठरलेलं आहे. हवालदार गाडीतच पढवून आणतो. तुमचा मुलगा म्हणाला, "माहीत नाही, साहेब."

हवालदाराने कपाळावर हात मारला.

निकाल असा. प्रकरण मोठ्यांच्या कोर्टात जाईल. कारणं दोन दिली आहेत. घरचं कुणी जबाबदारी घेत नाही आणि देखरेखीचा या मुलावर उपयोग होत नाही, हे परिवीक्षा अधिकाऱ्यांच्या अहवालावरूनच स्पष्ट आहे. माझ्याच अहवालावरून, ताई. त्याच आदेशात शनिवारची हजेरी बंद झाली. पुढची व्यवस्था होईपर्यंत ज्या मुलांना घरी सोडता आलं असतं, त्यांना निरीक्षणगृहातच ठेवायचं. काल दोन लहान मुलं आत गेली, एकाने शेजाऱ्याचं कबूतर चोरलं होतं. वरिष्ठांनी मला खोलीत बोलावलं. चहा मागवला आणि माझा कप माझ्याकडे सरकवला.

त्या म्हाताऱ्या आजोबांना निकाल कळवायला गेले. मला वाटलं, त्यांना बरं वाटेल. त्यांनी विचारलं, "सुटल्यावर कितीचा असेल तो?" मी सांगितलं. ते छताकडे बघत म्हणाले, "तेव्हा त्याला कोण उभं करणार दारात?" आणि सुनेला पाणी मागितलं.

आता कामाचं. या आदेशाविरुद्ध महिन्याभरात अपील करता येतं. मोफत सल्ला केंद्रातल्या वकीलबाई तयार आहेत. मला वाटलं होतं, तुमचं बोलणं आणि माझा अहवाल लपवायला हवा. त्या म्हणाल्या, "वेडी आहेस का? हेच तर अपील आहे. तीन वेळा न्यायालयाने या मुलाला संधी दिली म्हणतात. दिली ती फक्त पुढची तारीख. त्याला शिकवणारं कुणी नेमलं नाही, कामाला कुठे लावलं नाही, आई कशी राहते ते बघितलं नाही. एका दमलेल्या बाईकडून सही घेतली आणि एका नवशिक्या पोरीकडून बाक. आता म्हणतात, मुलगा सुधारत नाही." त्यांना यश येईलच असं नाही. त्यांनीच सांगितलं, फारशी आशा धरू नका.

अपिलावर आई म्हणून तुमची सही लागेल. त्याला घरी न्यायची कबुली त्यात नाही, मी दोनदा वाचून पाहिलं. मी रविवारी तुमच्या गावी येते. घरी येणार नाही, लॉन्ड्रीच्या फाटकाबाहेर थांबेन. कुणी विचारलं तर वसतिगृहातून आलेय म्हणेन. मी कार्यालयाच्या परवानगीने येत नाहीये. तुम्ही नाही म्हणालात, तर पुन्हा लिहिणार नाही.

आणि एक गोष्ट. ती सांगितल्याने तुमचं मन वळावं म्हणून सांगत नाही. पण ती मी पाहिली आणि तुम्ही पाहिली नाहीत, आणि ती माझ्याजवळ ठेवून घ्यायचा मला हक्क नाही.

तुम्ही साहेबांच्या टेबलासमोर उभ्या होतात. तो तुमच्या मागे, भिंतीशी, हवालदाराच्या शेजारी होता. तुम्ही एकदाही मागे वळून बघितलं नाहीत. मला वाटतं, वळला असतात तर बोलू शकला नसतात. तुम्ही म्हणालात, मी दहा तास मशीनसमोर उभी असते. त्याने मान डोलावली. तुम्ही म्हणालात, मी कुठलं लक्ष ठेवणार. त्याने पुन्हा डोलावली, जोरात, आपण साक्ष देताना डोलावतो तशी. तुम्ही म्हणालात, मी याला नेऊ शकत नाही. तेव्हाही.

साहेबांनी ते पाहिलं नाही, ते लिहीत होते. त्या सबंध खोलीत तुमच्या बाजूने तो एकटाच होता.

तुमची,
(आता अधिकारी लिहीत नाही)